फडाचा बंधारा: दुरुस्ती आणि राखण

पांझरा, मोसमच्या खोऱ्यांतले फडाचे बंधारे धुळे-नाशिककडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाहीत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नदीत आडवी दगडी भिंत, तिच्या एका टोकाकडून निघालेला पाट, पाटाखालच्या शिवाराचे चार-पाच फड, म्हणजे मोठे तुकडे. कुठल्या फडात यंदा काय पेरायचं आणि पाणी कसं फिरवायचं, हे सगळ्या खातेदारांनी मिळून ठरवायचं. पाणी देतो पाटकरी, राखण करतो जागल्या, दोघांवर देखरेख हवालदाराची. तीनशे-चारशे वर्षांची ही रीत. तिच्यावर लेख येतात, अभ्यास दौरे येतात, पाणीवाटपाचं कौतुक होतं. पण ज्या भिंतीच्या जिवावर हे वाटप चालतं तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मी धुळे जिल्ह्यातल्या, पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाच्या खालच्या अंगाच्या एका गावच्या पाणी वापर संस्थेचं सचिवपद सांभाळतो. ती भिंत आम्ही कशी दुरुस्त केली आणि त्यानंतर कशी राखतो आहोत, ते लिहितो. अशा बंधाऱ्याखाली ज्यांची शेती आहे त्यांना उपयोग होईल.

बंधारा लहानच आहे. तळापासून माथ्यापर्यंत सुमारे 3 मीटर, काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. 2021 चा धरण सुरक्षा कायदा मी बसून वाचला. त्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, शिवाय 10 ते 15 मीटर उंचीची, ठरावीक अटींत बसणारी. आमची भिंत त्या जाळ्यात कुठेच सापडत नाही. मोठ्या धरणाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते, अहवाल तयार होतो. आमच्याकडे हे काम कुणी करायचं याचं उत्तर मला कायद्यात मिळालं नाही, कार्यालयातही मिळालं नाही. एका टेबलावर सांगितलं, बंधारा तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, परवानगीशिवाय दगडाला हात लावू नका. शेवटी संस्थेच्या ठरावाची प्रत, फोटो आणि हाताने काढलेला नकाशा जोडून लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. पोच घ्याच. नंतरचा सगळा पत्रव्यवहार त्या एका आवक क्रमांकावर चालला.

2019 च्या ऑगस्टमध्ये पांझरेला मोठा पूर आला. त्यानंतर बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाझर वाढला आणि डाव्या अंगाचे माथ्यावरचे काही दगड हलले. गावात बैठक झाली, पण बैठकीत दुरुस्तीपेक्षा उंचीचाच विषय जास्त चालला. “एवीतेवी काम काढतोय तर दोन फूट चढवून घ्या, पाणी तेवढं जास्त थांबेल,” असं बहुतेकांचं म्हणणं. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त शाखा अभियंता आमच्या विनंतीवरून आले होते. त्यांनी मारुतीच्या पारावर खडूने हिशेब मांडला. 3 मीटर पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीवर 4.5 टन रेटा देतं. उंची दोन फुटांनी वाढवली, म्हणजे पाणी 3.6 मीटर झालं, की तोच रेटा जवळजवळ 6.5 टन होतो. भिंतीला पायातून उलथवणारा जोर तर सुमारे पावणेदोनपट होतो, कारण रेटा वाढतो तसा तो लागायची जागाही वर सरकते. भिंतीची जाडी मात्र आहे तेवढीच. “बांधणाऱ्याने जाडी 3 मीटरसाठी दिली आहे,” साहेब म्हणाले, “दोन फुटांसाठी दिलेली नाही.”

तो विषय तिथेच मिटला. आमच्या भागात कितीतरी बंधाऱ्यांवर पावसाळा सरता सरता वाळूच्या गोण्या नाहीतर फळ्या लावून पाणी चढवतात, आणि परतीच्या पावसात एखादा पूर आला की त्या गोण्यांसकट माथाही जातो. म्हणून हा हिशेब मी संस्थेच्या इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे. पुढचा सचिव नवीन असेल आणि मागणी हीच असेल.

साहेबांनी दुसरी गोष्ट सांगितली ती पोटातल्या पाण्याची. दगडी भिंत स्वतःच्या वजनावर उभी असते, तिला दुसरा आधार नाही. सांध्यातून किंवा पायाखालून पाणी शिरलं की ते भिंतीला खालून उचलू लागतं. बाहेरून भिंत तीच दिसते, पण तिचं कामाला येणारं वजन घटतं. ग्वाल्हेरजवळचं तिगरा धरण 1917 साली गेलं ते असंच, पायात पाणी शिरून दगडी बांधकाम पुढे सरकलं. आपलं भंडारदरा 1926 साली पुरं झालं आणि 1969 साली त्याला तडे जाऊन गळती लागली. पाणी खाली उतरवून, मागून टेकू देऊन आणि पोलादी केबल ताणून ते सावरलं. तिथे अभियंत्यांची फौज होती. आमच्याकडे आहेत नाना.

नाना आमचे जागल्या, वय सत्तरीच्या पुढे. रब्बीचं शेवटचं पाणी झालं आणि नदी आटली की ते दरवर्षी भिंतीच्या खालच्या अंगाने एक फेरी मारत. त्या वर्षी साहेब, मी आणि संस्थेची दोन तरुण मुलं त्यांच्यामागे निघालो. वरच्या बाजूला अजून थोडं पाणी होतं, त्यामुळे पाझर दिसत होता. नाना एका जागी उकिडवे बसले. “आठे देख, भाऊ,” म्हणाले, आणि पाझराखाली तळहात धरला. पाणी स्वच्छ होतं. वीसेक पावलं पुढे, उजव्या काठाला जिथे दगडी भिंत मातीत घुसते, तिथे पुन्हा हात धरला. त्यांच्या बोटांच्या रेषांत तांबूस गाळ बसला. साहेबांनी ती बोटं निरखून पाहिली आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा गंभीर झाला.

स्वच्छ पाझर जुन्या भिंतीला असतोच. पाण्याची पातळी तेवढीच असताना तो वाढू लागला तर काळजीची गोष्ट. पण गढूळ पाझर म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर येतं आहे. मातीत बीळ तयार होतं, ते मागे मागे वाढत जातं, आणि एका पुरात काठ फोडून नदी बंधाऱ्याला वळसा घालते. भिंत जागेवर उभी आणि नदी बाजूने, असे बंधारे या भागात पाहायला मिळतात. म्हणून आमच्या कामाचा क्रम तिथेच ठरला. आधी उजवा काठ, मग पायथा, मग सांधे. माथ्याचे हललेले दगड सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होते, पण ते शेवटी.

भिंत ठोकून पाहायचं काम मुलांनी केलं. पाव किलोची हातोडी घेऊन प्रत्येक दगडावर हलका ठोका द्यायचा. घट्ट बसलेला दगड खणखणीत वाजतो, मागे पोकळी असलेला बद्द वाजतो. बद्द दगडावर चुन्याची फुली मारत गेले. संध्याकाळी पलीकडच्या काठावरून पाहिलं तर फुल्या विखुरलेल्या नव्हत्या, दोन ठिकाणी दाटल्या होत्या. एक पाटाच्या तोंडाजवळ, दुसरी पिंपळ उगवला होता तिथे. दुरुस्तीचा निम्मा अंदाज त्या फुल्यांनीच दिला.

पिंपळाबद्दल लोकांना सांगावं लागतं, कारण तो तोडायला कुणी तयार नसतं, आणि तयार झालेला माणूस उपटायला जातो. दोन्ही नडतं. मुळी सांध्यातून आत जाऊन जाड होते आणि दगड फाकवते. पण ती ओढून काढली तर दगड घेऊनच येते. आम्ही बुंधा भिंतीलगत कापला, कापल्या कापल्या ताज्या छेदावर तणनाशक लावलं आणि मुळी आतल्या आत मरू दिली. नदीत पाणी असताना हे करायचं नाही. मुळी पुरती वाळल्यावर त्या पट्ट्यातले दगड नंबर टाकून उतरवले, मुळ्या काढल्या आणि दगड त्याच क्रमाने परत बसवले. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन राखायला पिंपळाचं एक रोप देवळामागे लावलं.

पायथ्याची अवस्था आम्हाला वाटली होती त्याहून वाईट निघाली. माथ्यावरून पडणारं पाणी खाली खड्डा करतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन होतं ते असं की खालच्या अंगाचं नदीपात्रच खोल गेलं होतं, कारण वाळू. बंधाऱ्याखाली वर्षानुवर्षं वाळू उपसली गेली, तळ खाली गेला, आणि जो पाया पूर्वी वाळूत झाकलेला होता तो उघडा पडला. एका ठिकाणी पायाच्या दगडाखाली माझा हात कोपरापर्यंत आत गेला. वाळू उपसा म्हटलं की आपण पाण्याची पातळी आणि विहिरी यांबद्दल बोलतो. पण उपसा बंधाऱ्याच्या, पुलाच्या पायाशी असेल तर तो थेट बांधकामच पोखरतो. ग्रामसभेत आम्ही ठराव केला आणि पायथ्याकडे ट्रॅक्टर उतरणाऱ्या वाटेवर मोठे धोंडे टाकून ती बंद केली. यावरून गावात वाईटपणा आला, अजूनही आहे. तो घेतला नसता तर बाकीची दुरुस्ती वाळूतच गेली असती.

याच्या उलटा प्रश्न वरच्या अंगाला होता. 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली आणि गाळ शेतात नेण्याचा फायदा मी स्वतः घेतला आहे. पण पोकलेन भिंतीला खेटून चालवायचं नाही, यावर आम्ही अडून बसलो. भिंतीलगत साठलेला चिकण गाळ पाणी पायाखाली शिरू देत नाही. तो खरवडला की पाझर वाढतो, आणि दात लागून पायाचे दगड हलले तर वेगळंच. चुन्याची रेघ मारून दिली, रेघेच्या अलीकडे फक्त फावडं आणि घमेलं.

मग कार्यालयाकडून दुरुस्तीचं अंदाजपत्रक आलं. दोन्ही अंगांनी पूर्ण भिंतीला सिमेंटचा गिलावा, वर कॉंक्रीटचा थर. कागदावर सुबक, मोजमापाला सोपं, फोटोलाही चांगलं. साहेबांनी आणि आम्ही लेखी हरकत घेतली. पाण्याच्या अंगाला सांधे बंद हवेत, ते बरोबर. पण खालच्या अंगाला गिलावा मारला की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहत नाही, ते पोटात साठतं आणि तोच उचलणारा जोर वाढतो. शिवाय नानांनी जिथे हात धरला ती जागाच झाकली जाते. पाझर थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. आणि जुन्या चुन्यावर कडक सिमेंट धरत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटून येतो. कार्यालयातल्या तरुण अभियंता मॅडम जागेवर आल्या, त्यांनी स्वतः हातोडीने ठोकून पाहिलं आणि अंदाजपत्रक बदलून दिलं. त्यांचे आभार मी इथे मानतो. फायलीवरची सही बदलणं सोपं नसतं.

चुन्याचं काम येणारा मिस्तरी शोधणं हे सगळ्यांत जिकिरीचं गेलं. वाड्यांच्या डागडुजीवर काम केलेले एक वयस्कर मिस्तरी भेटले. त्यांनी कळीचा चुना विझवून पाण्याखाली मुरत ठेवला आणि मगच तारीख दिली. एक वाटा चुना, एक वाटा सुरखी, एक वाटा चाळलेली वाळू. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड, आणि ओलाव्यात चुना घट्ट होतो तो तिच्यामुळे. त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची त्यांची पद्धत होती, तीही पाळली. पायथ्याला मात्र त्यांनी स्वतःच चुना नको म्हटलं. कायम पाण्यात राहणाऱ्या, लवकर घट्ट व्हायला हव्या अशा जागेला कॉंक्रीटच बरं, हे त्यांचंही मत आणि साहेबांचंही. म्हणून पायाखालच्या पोकळ्या खडकापर्यंत साफ करून कॉंक्रीटने भरल्या आणि पुढे खडकात रुतवलेली एक बुटकी भिंत घातली. तिच्या आणि पायथ्याच्या मध्ये माणसाला हलणार नाहीत असे मोठे दगड रचले.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायचं काम पाहत बसावं असं होतं. आधी जुना पोकळ चुना छिन्नीने उकरायचा. वरवर नाही, सांधा जेवढा रुंद त्याच्या किमान दुप्पट खोल. ब्रेकर मशीन लावायचं नाही, त्याच्या धक्क्याने घट्ट दगडही सुटतात. मग तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन दगड ओला करायचा. कोरड्या दगडावर चुना लावला तर दगड त्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुन्याचं पीठ होतं. खोल जागी दगडाच्या कपच्या चुन्यात बुडवून ठोकायच्या, नुसता चुना कोंबायचा नाही. वरून थापी दाबून घ्यायची, आणि ओलं गोणपाट. मे महिन्याच्या उन्हात गोणपाट ओलं ठेवायचं काम फडातल्या खातेदारांनी पाळी लावून केलं, पाण्याच्या पाळीसारखंच. रात्रीची पाळी बायकांनी मागून घेतली, कारण दिवसा शेतात काम असतं.

फुल्या दाटल्या होत्या तिथे आत पातळ चुन्याची रबडी सोडली. खालच्या भोकातून ओतायला सुरुवात करायची, वरच्या भोकातून बाहेर आली की खालचं बंद करायचं आणि वर सरकायचं. पंपाचा दाब द्यायचा मोह होतो, पण मिस्तरींनी तो दिला नाही. दाबाने रबडी जाते लांब, पण दगडही उचलते. नरसाळं आणि उंचीवरचा डबा यांच्यावरच भागवलं.

मधल्या काळात वरून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलं. तारीख आधी विचारून ठेवली होती म्हणून सामान काठावर होतं आणि पाणी मातीच्या बांधाने एका अंगाला वळवता आलं. नदीत काम काढणाऱ्याने वरच्या धरणाच्या शाखेत एका माणसाचा फोन नंबर मिळवावा आणि त्याच्याशी रोज बोलावं.

उजव्या काठाला माती उकरली तेव्हा बीळ सापडलं, मनगटाएवढं. ते शेवटपर्यंत उघडं केलं, चिकण मातीचे थर ओले करून धुम्मसने ठोकत भरले. वरच्या अंगाला दगडाचं पिचिंग, म्हणजे रचून बसवलेलं आच्छादन केलं.

पावसाळा आला, बंधारा भरून वाहिला, आणि आमचं खरं काम तिथून सुरू झालं असं मी मानतो. भिंतीवर पाण्याच्या अंगाला रंगवलेली मोजपट्टी आहे. पाझराच्या तीन जागा ठरल्या आहेत, प्रत्येकीला पत्र्याची छोटी पन्हळ लावली आहे. पाणी एकाच खुणेवर आलं की 15 लिटरची बादली लावायची आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. दुरुस्तीआधी उजवीकडची बादली 10 सेकंदांत भरत होती, पहिल्या पावसाळ्यात एक मिनिटाच्या वर गेली. काचेच्या बाटलीत तेच पाणी घेऊन रात्रभर ठेवायचं, तळाशी गाळ बसला का ते सकाळी पाहायचं. माथ्यावरून दोरी ताणून फुगवटा बघायचा. डाव्या अंगाला एक उभी भेग आहे, तिच्यावर प्लास्टरची पट्टी मारून तारीख घातली आहे. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. अजून तडकलेली नाही. फोटो नेहमी त्याच दोन खुंट्यांवरून. नानांना लिहिता येत नाही, म्हणून ते बोलतात आणि त्यांचा नातू वहीत लिहितो. त्या मुलाला आता पाझराचा आवाजही ओळखू येतो.

माणसांच्या जिवाचंही लिहायला हवं, कारण लहान बंधाऱ्याला कुणी घाबरत नाही. माथ्यावरून पाणी पडतं तिथे पायथ्याशी ते उलटं फिरतं आणि पडलेल्या माणसाला पुन्हा धारेखाली ओढतं. पोहणाऱ्यालाही ते सोडत नाही, वाचवायला उडी घेणाराही त्यातच अडकतो. पाणी गुडघाभर दिसतं म्हणून मुलं माथ्यावरून चालत जायची, मोटारसायकलीही जायच्या. आता दोन्ही टोकांना धोंडे आणि फलक आहेत, पुराच्या दिवसांत पाटकरी तिथे उभा असतो. काठावर खांबाला दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगलेली आहे. शाळेत नाना दर जूनमध्ये जाऊन सांगतात, मुलं त्यांचं ऐकतात.

खर्चाला म्हणून दर एकरी वर्गणी पाणीपट्टीबरोबर घेतो आणि वेगळ्या खात्यात टाकतो. सुरुवातीला खळखळ झाली. वही सगळ्यांसमोर वाचायला लागल्यापासून कमी झाली. गेल्या पावसाळ्यात पाटाच्या तोंडाजवळची बादली थोडी लवकर भरू लागली आहे, पाणी स्वच्छ आहे. बैठकीत ठरलं तसं त्या तोंडाचे सांधे या उन्हाळ्यात उकरायचे आहेत. कळीचा चुना फेब्रुवारीतच आणून मुरत घालणार आहोत, मिस्तरींना सांगून ठेवलं आहे, आणि या वेळी गावातली दोन पोरं त्यांच्या हाताखाली शिकायला राहणार आहेत.